गव्हाच्या माळावरचा मदरवेल



हे चरित्र मी पहिल्यांदा कीर्तनात लावलं, तेव्हा आरती झाल्यावर एक वयस्कर टाळकरी जवळ आले. म्हणाले, "महाराज, राग मानू नका, पण आपल्याकडं संत कमी पडले का? नारदाच्या गादीवरून गोऱ्या माणसाचं, ख्रिस्ती माणसाचं चरित्र कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, बाबा, हा संत नव्हे. ह्याच्या नावाचा जयजयकार मी करायला लावला का? नाही. हा तुमच्यासारखा कुणबी. नांगर धरणारा, बायकोपोरांत रमणारा, सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेणारा. प्रपंच नेटका करून परमार्थ करावा असं आपण सांगत असतो ना? तसा एकानं केला. दूरच्या मुलखात, दुसऱ्या देवघरात केला. आणि त्यात एक गोष्ट त्याच्या हातून राहिली. ती राहिलेली गोष्टच मला तुम्हाला सांगायची आहे.

बाबा हसले. पटलं की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या कीर्तनाला आले. आता हे बोलणं ध्वनिफितीवरून उतरवून पुस्तकात येतंय, तर जे गादीवरून बोलायचं तेव्हा धाडस झालं नव्हतं तेही इथं घातलं आहे.

कॅनडात आपली मराठी मंडळी आहेत. त्यांच्या आग्रहानं एका उन्हाळ्यात तिकडं कीर्तनाला गेलो होतो. सॅस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे, रिजायना नावाचं राजधानीचं शहर. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते गृहस्थ मूळचे माण तालुक्यातले. म्हणाले, "महाराज, चला, एका शेतकऱ्याचं घर दाखवतो." मोटारीनं तासाभराच्या वर गेलो. दोन्ही बाजूंना गहू. डोंगर नाही, टेकडी नाही, झाड दिसलं तर ते कुणीतरी लावलेलं. आकाश जमिनीला टेकलेलं चारी बाजूंनी दिसतं. ह्याला तिकडं प्रेअरी म्हणतात. आपण माळ म्हणू. पण आपला माळ म्हणजे अंगण वाटावं एवढा तो माळ.

त्या माळावर ॲबर्नेथी गावाजवळ एक दगडी घर आहे. आता सरकारनं ते जपून ठेवलंय. घराचं नाव लॅनार्क प्लेस, मालकाचं नाव विल्यम रिचर्ड मदरवेल.

जन्म 1860 सालचा, कॅनडाच्या पूर्वेकडचा, ओंटारियो प्रांतातल्या लॅनार्क परगण्यातला. घराणं प्रेस्बिटेरियन पंथाचं. हा पंथ मूळ स्कॉटलंडचा. त्यांच्या देवळात मूर्ती नसते. जुन्या ग्रंथातली स्तोत्रं सगळ्यांनी मिळून म्हणायची, प्रवचन ऐकायचं, आणि घरी धर्मग्रंथाचं नित्यवाचन. आपल्याकडं पाठ असतो ना ज्ञानेश्वरीचा, तसं. रविवार म्हणजे देवाचा वार. त्या दिवशी नांगर चालायचा नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. तिकडच्या शेतकऱ्याला विचारा. थंडीत पारा शून्याच्या खाली चाळीसपर्यंत उतरतो. पेरणी उशिरा, कापणी लवकर, मध्ये चार महिने कसेबसे. सप्टेंबर लागला की एका रात्रीच्या हिमकडाक्यानं उभं पीक जातं. गहू पिवळा झालाय, आभाळ निवळलंय, रात्री गारठा पडेल अशी चिन्हं आहेत, आणि वार रविवार. अशा वेळी विळा खाली ठेवायचा. एकादशीला भगर-शेंगदाणे पोटभर खाऊन उपवास झाला म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे व्रत जरा मनात तोलून बघावं. (मीही त्यातलाच. भगर मला फार आवडते.)

तर हा मुलगा शिकला. त्या काळात शेतीचं शिक्षण देणारं कॉलेज गेल्फ गावात होतं, तिथं शिकून 1881 साली बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, वय बावीस, पश्चिमेकडं निघाला. सरकारचा कायदा होता, 1872 सालचा. दहा डॉलर भरा, 160 एकर जमीन घ्या, तिथं राहून तीन वर्षं कसून दाखवा, जमीन तुमची. एकशे साठ एकर! आपल्याकडं भावाभावांत अर्ध्या गुंठ्यावरून कोर्ट चढतात. रेल्वे नुकती त्या माळावर सरकत होती. जिथवर रूळ होते तिथवर रेल्वेनं, पुढं गाडीनं, असा हा पोरगा ॲबर्नेथीच्या बाजूला पोचला.

त्या जमिनीबद्दल मला पुढं बोलायचं आहे. ती रिकामी होती असं तुम्ही समजू नका. एवढं लक्षात ठेवा, मी परत येतो तिथं.

1884 साली लग्न झालं. बायको ॲडलिन. आधी लाकडी ओंडक्यांचं घर. चार लेकरं झाली, त्यातली दोन तान्हेपणीच गेली. राहिली ती अल्मा आणि टालमेज, मुलगी आणि मुलगा. त्या एकाकी माळावर, जवळ दवाखाना नाही, दोन लेकरं मातीत ठेवून पुन्हा सकाळी उठून नांगराला जायचं. याचं वर्णन मी करत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगावं लागत नाही.

आता शेती ऐका, कारण ह्या माणसाची भक्ती शेतीत दिसते. पाऊस तिकडं वर्षाला साधारण पंधरा-सोळा इंच. म्हणजे आपल्या माण-खटावासारखाच. माझे यजमान तिथं उभे राहून म्हणाले, "महाराज, मी दुष्काळ सोडून आलो आणि दुष्काळातच येऊन पोचलो." पहिल्या वर्षांत लोक दरसाल पेरायचे आणि दरसाल बुडायचे. मग जवळच्या इंडियन हेड गावी अँगस मॅके नावाचा शेतकरी होता, त्यानं दाखवून दिलं की जमीन एक वर्ष पड ठेवायची, पण तण माजू द्यायचं नाही, नांगरून मोकळी ठेवायची. त्या वर्षाचा पाऊस जमिनीच्या पोटात साठतो, पुढच्या वर्षी गव्हाला दोन पावसांची ओल मिळते. मदरवेलनं हे मनावर घेतलं. शेजाऱ्यांना सांगत सुटला. लोभ आवरून निम्मी-अर्धी जमीन न पेरता ठेवायची हे कुणब्याला सांगणं म्हणजे सोपं काम नाही.

आणि वाडी कशी बसवली! घराभोवतीचे काही एकर त्यानं चार भागांत आखले. एका भागात घर आणि फुलबाग, एकात गोठा, एकात भाजीपाला, आणि एकात पाणी. चारही भागांना झाडांच्या रांगांची कुंपणं. झाडं शोभेला नव्हेत. हिवाळ्यात वाऱ्यानं बर्फ उडत जातं, ते झाडांत अडकून तिथंच ढीग होतं, उन्हाळा लागला की वितळतं, आणि ते पाणी खोदलेल्या तळ्यात उतरतं. शेततळं, माउली! सव्वाशे वर्षांपूर्वीचं शेततळं, आणि ते आभाळातून पडणाऱ्या पाण्याचं नव्हे, वाऱ्याकडून अडवून घेतलेल्या बर्फाचं. मी त्या काठावर बराच वेळ बसलो.

दगड कुठला? त्या माळावर खाण नाही. फेझंट क्रीक नावाचा ओढा आहे, तिथून आणि शेतांतून तो वर्षानुवर्षं दगड गोळा करत होता. 1897 साली त्या दगडांचं घर उभं राहिलं. येऊन पंधरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षं ओंडक्यांच्या घरात काढून, दगड एकेक साठवून मग घर. कर्ज काढून आधी बंगला आणि मग शेत विकायला काढलं, असं नाही झालं.

इथवर चरित्र सरळ आहे. आता 1901 साल.

त्या वर्षी कधी नव्हे असं पीक आलं. आणि गंमत बघा, पीक बुडतं तेव्हा शेतकरी रडतो, आणि पीक उदंड येतं तेव्हाही शेतकरीच रडतो. कांदा आठवा. गहू नेणारी रेल्वे एकच, कॅनेडियन पॅसिफिक. स्टेशनाशेजारी धान्याची उंच कोठारं, तिकडं त्यांना एलेव्हेटर म्हणतात, ती कंपन्यांची. स्टेशनवर वाघिणी आल्या की मास्तर त्या कोठारवाल्यांना देई. शेतकऱ्यानं म्हटलं की मला स्वतःची वाघीण भरायची आहे, तर, "नाही, शिल्लक नाही." मग काय, गहू गाडीत, दारात थंडी, माल भिजतोय, शेवटी कोठारवाला देईल त्या भावात, म्हणेल त्या प्रतीत, कापेल ती कट्टी देऊन मोकळं व्हायचं. अडत्या, तोलाई, कट्टी, हे शब्द तुम्हाला समजावून सांगायला नकोत. 1900 साली सरकारनं शेतकऱ्याच्या बाजूचा कायदा केला होता. पण कायदा कपाटात आणि वाघीण कंपनीच्या दारात.

मदरवेल आणि त्याचा शेजारी पीटर डेमन यांनी पत्रं लिहिली. गावोगावच्या शेतकऱ्यांना बोलावलं, 18 डिसेंबर 1901, इंडियन हेड. दिवसही हुशारीनं निवडला. त्याच दिवशी त्या गावात दोन बड्या पुढाऱ्यांचा जाहीर वाद ठरला होता, माणसं जमणारच होती. आपण यात्रेचा दिवस धरून बैठक लावतो ना, तसं. कडाक्याच्या थंडीत माणसं जमली, संघटना झाली आणि मदरवेल तिचे अध्यक्ष झाले.

त्यांनी मागितलं काय? कर्जमाफी नाही, फुकट काही नाही. त्यांनी मागितली रांग. स्टेशनवर एक वही ठेवा. ज्यानं आधी नाव लिहिलं त्याला आधी वाघीण. मग तो कंपनीवाला असो की एका गाडीचा धनी. बस. 1902 साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. तरी सिंटालुटा गावच्या स्टेशनवर तोच जुना कारभार चालू राहिला, तेव्हा ह्या शेतकऱ्यांनी स्टेशनच्या एजंटावर खटला भरला. शेतकरी जिंकले. एजंटाला दंड झाला, आणि वरच्या कोर्टातही तो निकाल टिकला. एवढ्या बलाढ्य रेल्वेपुढं वहीतला अनुक्रम जिंकला.

वारकऱ्याला रांगेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. माउलींच्या पालखीत रथापुढं आणि रथामागं प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. श्रीमंताची दिंडी म्हणून पुढं जात नाही. आणि संध्याकाळी मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, "हो" म्हणतात, लाखोंचा समाज एका क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, तेव्हाच आरती. आरतीच्या आधी तक्रार! मदरवेल आणि मंडळींनी त्या माळावर हेच केलं. टाळ वाजवत राहिले, निवाडा होईपर्यंत.

पुढचं पटकन सांगतो, कारण मंत्र्यांच्या चरित्रात कीर्तनकाराला रस नाही. 1905 साली सॅस्कॅचेवान प्रांत झाला, मदरवेल तिथले पहिले शेतीमंत्री झाले, 1918 पर्यंत राहिले. त्यांच्या काळात, 1911 साली, शेतकऱ्यांनी सहकारातून स्वतःची कोठारं बांधली. आपल्याकडं प्रवरानगरचा कारखाना 1950 सालचा, म्हणजे किती आधी ते बघा. नंतर 1921 ते 1930 या काळात, मधले थोडे महिने सोडून, ते साऱ्या कॅनडाचे शेतीमंत्री होते. गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा त्यांच्या वेळी विनिपेगला झाली. दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते. एवढं पुरे.

पण 1905 सालीच ॲडलिन गेली. मंत्रिपद आलं त्याच वर्षी घर रिकामं झालं. देव एका हातानं देतो तेव्हा दुसऱ्या हातानं काय करतो, याचा हिशेब कुणी मांडू नये. तीन वर्षांनी, 1908 साली, त्यांनी दुसरा विवाह केला. कॅथरिन गिलेस्पी नावाच्या बाईंशी. मोठ्या कर्तबगार, धार्मिक वृत्तीच्या. लग्नाआधी त्या फाइल हिल्स नावाच्या ठिकाणी शाळेच्या मुख्य होत्या.

आता मायबाप, सावध होऊन ऐका. इथं चरित्राचा रस्ता वळतो.

ती जमीन रिकामी नव्हती, असं मी मघाशी म्हणालो. त्या माळावर क्री, सोल्टो, असिनिबोइन अशी मूळची माणसं पिढ्यानपिढ्या राहत होती. गव्याच्या कळपामागं हिंडणारी. गवे संपवले गेले, उपासमार आली. 15 सप्टेंबर 1874 रोजी जवळच्याच फोर्ट क्वापेलला त्यांच्याशी सरकारनं करार केला, चौथा करार म्हणतात त्याला. त्यांना राखीव तुकडे, बाकी माळ सरकारजमा. त्यातूनच दहा डॉलरला एकशे साठ एकर वाटले गेले.

बरं, ती माणसं शेती करायला तयार नव्हती का? होती! करारातच नांगर, बैल, बियाणं मागून घेतलं होतं त्यांनी. शिकली, पिकवू लागली. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या बरोबरीनं बाजारात गहू आणू लागली, तेव्हा काहींना ते खुपलं. 1889 पासून सरकारी अधिकाऱ्यांनी धोरण काढलं की ह्यांनी यंत्रं वापरायची नाहीत, हातानं पेरा, हातानं कापा, एखाद-दोन एकर गहू आणि एखादी गाय पुरे. आणि त्याही आधी, 1881 साली, कायद्यात कलम घातलं होतं. मूळ रहिवाशाकडून धान्य विकत घ्यायचं तर सरकारी अधिकाऱ्याचा परवाना पाहिजे. स्वतः पिकवलेला गहू, स्वतःच्या घामाचा, पण चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. 1885 नंतर राखीव तुकड्याबाहेर पाऊल टाकायलाही पास. त्या पासला तर कायद्याचा आधारच नव्हता, तरी चालवला. त्या लोकांनी ओटावाला अर्ज केले. त्यांनीही टाळ वाजवले. चोपदार गेले नाहीत.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. मदरवेल यांचं दगडी घर इथं. फाइल हिल्सचे राखीव तुकडे तिथं, घोडागाडीनं दिवसाच्या आत जाऊन येता येईल एवढ्यावर. 1901 च्या डिसेंबरात इंडियन हेडला गोरे शेतकरी जमून म्हणत होते, आमचा गहू आम्हाला विकू द्या, रांगेत उभं राहू द्या. त्याच डिसेंबरात पलीकडच्या वाडीत एक क्री शेतकरी आपल्याच गव्हासाठी साहेबाच्या चिठ्ठीची वाट बघत होता. वाघिणीसाठी वही झाली, त्या वहीपर्यंत पोचण्याचा रस्ताच त्याला बंद होता. रांग न्यायाची होती. पण रांगेत कुणाला उभं राहू द्यायचं, हे आधीच ठरलं होतं.

आणि शाळा. फाइल हिल्सची शाळा मदरवेल यांच्याच प्रेस्बिटेरियन पंथाची. 1889 पासूनची. अशा शाळा साऱ्या देशात होत्या. मुलं आईबापांपासून तोडून आणायची, त्यांची भाषा बोलू द्यायची नाही, त्यांचे देव विसरायला लावायचे. 1907 साली डॉक्टर पीटर ब्राइस यांनी प्रेअरीवरच्या अशा शाळा तपासून अहवाल दिला, फाइल हिल्सही त्यात होती. लेकरं क्षयानं मरत होती. अहवाल गेला, आणि फार काही बदललं नाही. कॅथरिनबाईंच्या मनात मायाच होती असं मी धरून चालतो. वाईट हेतूनं कुणी त्या थंडीत जाऊन लेकरांना शिकवत नाही. पण माया करणारी माणसंच ती व्यवस्था चालवत होती, म्हणून तर ती इतकी वर्षं चालली.

आणखी एक सांगतो, ते मला फार लागलं. 1918 साली मदरवेल यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारणांत एक कारण हे की त्यांचंच सरकार शाळांतून फ्रेंच भाषेचं शिक्षण आवळायला निघालं होतं. मदरवेल स्वतः इंग्रजी बोलणारे, प्रोटेस्टंट. फ्रेंच बोलणारे बहुतेक कॅथलिक. दुसऱ्याच्या लेकराची मायबोली जाऊ नये म्हणून ह्या माणसानं खुर्ची सोडली! किती मोठं मन. आणि ज्या शाळेतून त्यांची पत्नी घरी आली, तिथल्या क्री लेकराची मायबोली? तिच्यासाठी कुणाची खुर्ची हलली नाही.

मग हा माणूस ढोंगी होता का? कीर्तनात मी हा प्रश्न टाकून विषय बदलायचो. इथं बदलत नाही.

माझे गुरुजी. नाव घेत नाही. त्यांच्यापायी बसून मी पखवाज ऐकायला, ग्रंथ वाचायला, बोलायला शिकलो. नित्यनेम असा की आजारपणातही हरिपाठ चुकला नाही. कुणाचा पैसा हातात धरला नाही. 1947 साली ते विशीत होते. साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, मे महिन्यात. मागणी एकच, हरिजनांना पांडुरंगाचं दर्शन खुलं करा. वारकऱ्यांतले काही साने गुरुजींच्या बाजूचे होते, काही विरोधात होते. माझे गुरुजी विरोधात होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, ऐंशीच्या घरात असताना, रात्री दिवा मालवल्यावर. म्हणाले, "त्या दहा दिवसांत मी रोज काकड्याला जात होतो. आणि महाद्वारात चोखोबांच्या समाधीला हात लावून आत जात होतो. त्या दगडाला हात लावताना मला एकदाही काही वाटलं नाही रे."

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंतीखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारात समाधी केली, असं परंपरा सांगते. ज्याला जिवंतपणी पायरी चढू दिली नाही, त्याला हात लावून आपण सगळे आत जात होतो. शतकानुशतकं. भजनं म्हणत.

गुरुजींची भक्ती खोटी होती असं मी म्हणू शकत नाही. म्हटलं तर माझी जीभ झडेल. आणि त्यांनी केलं ते बरोबर होतं, असंही म्हणू शकत नाही. त्यानंतर प्रत्येक वारीला ते दर्शनाला जाण्याआधी चोखोबांच्या समाधीपाशी बसू लागले. मी दोनदा बरोबर होतो. मागून रांग पुढं सरकत राहायची, कुणी म्हणायचं, "बाबा, उठा, दर्शन व्हायचंय." ते म्हणायचे, "जा तुम्ही पुढं."

म्हणून त्या दगडी घरात उभा असताना मला मदरवेल परका वाटला नाही. दिवाणखान्यात जुनं सामान मांडलंय, बाहेर गोठ्यात जनावरं आहेत, जुन्या वेशातली माणसं येणाऱ्यांना चरित्र सांगतात. सगळं नीटनेटकं. माझे यजमान मला झाडांची रांग दाखवत होते, आणि मी पलीकडे बघत होतो, फाइल हिल्स कुठं असेल म्हणून. मी विचारलं तर त्यांनी बोट केलं. एवढी वर्षं तिथं राहून ते कधी तिकडं गेले नव्हते. मी त्यांना बोललो नाही काही. मी तरी माझ्या गावातल्या किती वस्त्यांत गेलोय!

मदरवेल दीर्घायुषी झाले. ऐंशीच्या आसपास राजकारणातून बाजूला झाले. म्हातारपणी 1930 नंतरचा तो भयंकर दुष्काळ त्यांनी पाहिला. उघडी ठेवलेली पड जमीन वाऱ्यानं उडाली, धुळीनं दिवसा दिवे लावावे लागले. ज्या पड टाकण्याच्या रीतीचा त्यांनी आयुष्यभर प्रचार केला, तिचीही एक चूक डोळ्यांदेखत उघडी पडली. नांगरून मोकळी ठेवलेली माती वाऱ्याला धरून ठेवायला काही उरत नाही. 1943 साली, त्र्याऐंशी वर्षांचे होऊन, ते गेले. ॲबर्नेथीलाच त्यांना मातीत ठेवलं. 1966 साली त्यांचं घर राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालं.

त्यांच्या पंथानं 1994 साली त्या शाळांबद्दल आपला दोष जाहीरपणे कबूल केला. 2008 साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. आणि गहू विकायला परवाना मागणारं ते कलम कितीतरी वर्षं कुणी वापरत नव्हतं, पण कायद्याच्या पुस्तकात होतं. ते काढलं 2014 साली.

परत येताना यजमानांनी मोटार बाजूला घेतली, शेतातून गव्हाची चार कणसं तोडून मला दिली. शेत त्यांच्या ओळखीच्या माणसाचं होतं, विचारून घेतली. ती कणसं मी पंढरपूरला आणली. पुढच्या वारीत त्यातली दोन चोखोबांच्या समाधीवर ठेवली. उरलेली दोन माझ्या ज्ञानेश्वरीत आहेत.